कोणती खतपत्रे बुडवावी?

गेल्या माघी दशमीस कोलाडपासून कोसभर अंतरावरील एका गावी आमची कीर्तनसेवा झाली. गाव लहान, पण वारकऱ्यांचे. आमच्या या रोहे तालुक्यात आषाढीच्या सुमारास भातलावणी ऐन भरात असते. माणूस गुडघाभर चिखलात, पंढरीस जाणार कसा? म्हणून कित्येक घरांची वारी कार्तिकीची वा माघीची. त्यातही ज्यांना जाणे घडत नाही, ते गावच्या देवळात जागर करतात. त्या रात्रीही देऊळ भरले होते. चिंतेचा विषय निघाला, आणि वयाची चाळीस वर्षे जे सांगत आलो तेच आम्ही सांगितले की, चिंता देवाच्या माथी टाकावी आणि आपण स्वस्थ असावे. टाळकऱ्यांनी ठेका धरला, श्रोत्यांनी माना डोलावल्या. झाले.

प्रसाद झाल्यावर एक तरुण मागे थांबला. त्याचा बाप आमच्या ओळखीचा, तीस वर्षांचा जुना टाळकरी. मुलगा यंत्रशाखेचा पदवीधर अभियंता, दोन वर्षांपासून घरी. तो शांतपणे म्हणाला, "महाराज, तुम्ही म्हणालात चिंता देवावर टाका. मी टाकली. पण बँकेचा मेसेज माझ्याच फोनवर येतो."

वाचकहो, त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही "होईल सगळं बरं" असे काहीतरी पुटपुटलो आणि पादत्राणे शोधू लागलो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. मुलाने उद्धटपणा केला नव्हता. त्याने शंका विचारली होती. आणि शंकेस उत्तर न देणारा वक्ता हा केवळ गायक होय, निरूपणकार नव्हे. त्या रात्रीचे उत्तर या पाठात द्यावयाचे आहे. अशी मुले आज एका घरी नाहीत, वाडीवाडीत आहेत. पदवी भिंतीवर, कर्ज डोक्यावर, आणि मन कुठेच नाही.

पूर्वपक्ष : संत तर आशा सोडा म्हणतात

प्रथम एक शास्त्रीय अडचण दूर करू. कोणी म्हणेल, "बुवा, संतांनी आशेची निंदा केली आहे. आशा ही बेडी, आशा ही डाकीण. मग नोकरी शोधणाऱ्या पोराला तुम्ही आशा धर म्हणून कसे सांगता?"

आक्षेप खरा आहे. पण शब्दाचे पोट उघडून पाहावे. आम्ही पाठशाळेत असताना गुरुजींनी अमरकोश घोकून घेतला. त्यात 'आशा' हा शब्द दोनदा भेटतो. एके ठिकाणी त्याचा अर्थ तृष्णा, हाव. दुसरे ठिकाणी, दिशावाचक शब्दांच्या ओळीत, 'आशा' म्हणजे दिशा! पूर्व-पश्चिम ज्याला म्हणतो ती. संतांनी निंदा केली ती पहिल्या आशेची. "मला अमुकच मिळाले पाहिजे, अमुकच पगाराचे, अमुकच शहरात, आणि अमुक तारखेच्या आत, न मिळाले तर माझा जन्म फुकट" ही ती बेडी. दुसरी आशा म्हणजे तोंड कुठे करून चालायचे याचे भान. पंढरीचा वारकरी पहिल्या मुक्कामी असतो तेव्हा त्याला कळस दिसत नाही. पण तोंड कुठे आहे हे त्याला ठाऊक असते. कळस दिसत नाही म्हणून तो निराश झाला असे कधी ऐकले आहे काय?

तेव्हा या पाठापुरता सिद्धांत असा की, पहिली आशा सोडावी, दुसरी सोडू नये. पोराला धीर द्यायचा म्हणजे "नोकरी लागेलच" असे भविष्य सांगावयाचे नाही. ते आम्हास कुठे ठाऊक आहे? उद्या सकाळी उठून तोंड कोणीकडे करायचे, ते सांगावयाचे.

ऋण आणि अधमर्ण

आता कर्जाविषयी. आपल्या शास्त्रात मनुष्य तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो असे म्हटले आहे : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. ऋषिऋण फेडावयाचे ते विद्येने. म्हणजे शिकण्यासाठी कोणाचे तरी देणे लागणे ही आजची गोष्ट नव्हे. फरक एवढाच की पूर्वी ते वहीत लिहिलेले नसे, आता बँकेच्या वहीत व्याजासह लिहिले जाते.

संस्कृतात धनकोस 'उत्तमर्ण' म्हणतात आणि ऋणकोस 'अधमर्ण'. हा शब्द ऐकून मुले दचकतात. अहो, पण शब्दाची फोड करा : अधम तो ऋणाच्या बाबतीत. ऋणाच्या व्यवहारात ज्याची जागा खाली, तो अधमर्ण. खालची जागा व्यवहारातली आहे, माणसाची नाही. बाजारातील वजन जास्त भरले तर पारडे खाली जाते; म्हणून काही दुकानदार पाताळात जात नाही. कर्ज असलेला मुलगा लाजेने तोंड लपवतो, तेव्हा तो ऋणाचे अधमपण स्वतःला चिकटवून घेतो. ही व्याकरणाची चूक आहे, आणि ती महाग पडते.

आणि काम न मिळणे हा एकट्या माणसाचा दोष नव्हे, ही गोष्ट तर आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी मान्य केली आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे रोजगार हमीचा पहिला प्रयोग करवला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर कामी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कायद्याच्या मुळाशी एकच विचार होता की, धडधाकट मनुष्य काम मागतो आहे आणि त्याला काम नाही, तर प्रश्न त्या माणसाला विचारावयाचा नसून समाजाने स्वतःला विचारावयाचा आहे. ती योजना मातीकामाची होती, पदवीधराची नव्हे, हे खरे. पण विचार तोच लागू पडतो.

तुकोबांचे दिवाळे

आता मुख्य दाखला. आपण तुकोबारायांना गाथेचे कर्ते म्हणून ओळखतो. पण बुडालेला व्यापारी म्हणून त्यांच्याकडे क्वचित पाहतो. देहूचे ते वाणी-महाजन घराणे. १६३० च्या सुमारास थोर दुष्काळ पडला. त्यात व्यापार बसला, दिवाळे निघाले, लोकांतील मान गेला, आणि पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली. पुत्रही गेला. हे कोणा चरित्रकाराने रचून सांगितलेले नाही. दुष्काळाचे, दिवाळ्याचे आणि पत्नीच्या मृत्यूचे दुःख तुकोबांनी स्वतःच आपल्या तोंडाने सांगितले आहे, आणि त्या वेळी आपणास लाज वाटली हेही सांगितले आहे. वाचकहो, इथे थांबा. ज्यांना आपण जगद्गुरू म्हणतो त्यांनाही लोकांसमोर जाताना लाज वाटली होती. मग वाडीतल्या पंचवीस वर्षांच्या पोराला वाटली तर त्यात आश्चर्य ते काय?

पुढे त्यांनी काय केले, ते नीट पाहावे. आपण घाईने विमानापाशी पोहोचतो आणि मधली वर्षे सोडून देतो. मधल्या वर्षांत तुकोबांनी जवळ दिसेल ते काम हाती घेतले. घराण्याचे विठ्ठलमंदिर मोडकळीस आले होते, ते नीट करावे असे मनात आले. एकादशीस कीर्तन करू लागले; आणि स्वतःच सांगतात की आरंभी अभ्यासात चित्त नव्हते. म्हणून काय केले? मागील संतांची वचने विश्वासाने पाठ केली. पुढे गाणारे गात, हे त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरीत. शरीर कष्टवून जमेल तो परोपकार केला.

म्हणजे पाहा : मोडलेले दुरुस्त करणे, पाठांतर करणे, दुसऱ्याच्या मागे उभे राहणे, आणि अंगमेहनत. यातील एकही गोष्ट त्यांच्या महाजनकीच्या मानाला साजेशी नव्हती. एकीलाही पगार नव्हता. पण दिशा होती. दिवाळे निघालेल्या माणसाने पहिल्या दिवशी अभंग लिहिला नाही. पहिल्या दिवशी त्याने भिंतीस माती लावली.

ती खतपत्रे कोणाची?

आता या पाठाचे वर्म. तुकोबांनी खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, ही कथा लहान पोरासही ठाऊक आहे. आणि तिचा अर्थ मात्र बहुतेक सर्वजण उलटा घेतात. आमच्यासमोर एकदा एक गृहस्थ म्हणाले, "तुकोबांनीसुद्धा कर्जाची कागदं बुडवली, मग आम्ही का भरायचं?" मंडळी हसली. पण कथा काय आहे?

घरात सावकारी होती. लोकांकडून येणे होते, त्याची ती खते. म्हणजे तुकोबा येथे ऋणको नाहीत, धनको आहेत. बुडवले ते आपले येणे, देणे नव्हे. दुसरे, धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला की माझा संसार आहे. तेव्हा खतांचे दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाच्या हाती दिला आणि केवळ आपला वाटा पाण्यात सोडला. दुसऱ्याच्या जिवावर त्यांनी वैराग्य केले नाही. म्हणून या कथेतून कर्जबुडव्यास आधार काढता येत नाही. बँकेचे देणे हे देणेच. ते आज ना उद्या फेडावयाचे.

मग आजच्या घरात ही कथा कोणासाठी आहे? आम्ही यावर पुष्कळ दिवस विचार केला, आणि आम्हास असे दिसले की ती मुलासाठी नाही. ती बापासाठी आहे.

अहो, बँकेचे खत एक. पण घरात दुसरी एक चोपडी असते, ती शाईने लिहिलेली नसते. "तुझ्यासाठी वरकस विकली." "तुझ्या आईची पाटली गेली." "शेजारच्याचा पोरगा कंपनीत लागला, तू काय करतोस?" ही खते रोज संध्याकाळी जेवताना बाहेर काढली जातात. पोर खाली मान घालून भाकरी मोडतो. बँक महिन्यातून एकदा हप्ता मागते. घर रोज मागते. बँकेचे व्याज ठरलेले असते. घरच्या व्याजाला दर नाही आणि मुदत नाही. आणि गंमत अशी की हे येणे कधीच वसूल होत नाही. कारण बापाने मुलावर केलेला खर्च हे कर्ज नव्हतेच. ते पितृऋणाचे वाहते पाणी होते : आपल्या बापाने आपणासाठी केले, आपण मुलासाठी केले, तो त्याच्या मुलासाठी करील. वरून खाली जाणाऱ्या पाण्याचे बिल कोणी वरच्या अंगाला पाठवीत नाही.

तेव्हा, टाळकरीबुवा, ही खतपत्रे बुडवा. इंद्रायणी लांब आहे. आपल्या दारी कुंडलिका आहे.

आम्ही हे बापांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. विद्येसाठी साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज बँका सामान्यतः तारणाशिवाय देतात, पण कागदावर आईबापांची सही सहकर्जदार म्हणून लागते. बापालाही रात्री झोप नसते. तोही घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस ओरडतो. म्हणून तर ही चोपडी बुडवणे हे वैराग्याचे काम आहे. सोपे असते तर त्यासाठी तुकोबांचा दाखला कशाला लागता?

नाथांची पै

बँकेचे खत मात्र उघडून वाचावे. येथे दाखला एकनाथमहाराजांचा. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक येऊ लागली. नाथ रात्रभर दिवा लावून बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एवढ्याशा चुकीचा एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! या कथेचा परमार्थ आपण नेहमी सांगतो. आज तिचा प्रपंच सांगू : अंधारातल्या हिशेबाची भीती वाटते, दिव्याखालच्या हिशेबाची वाटत नाही.

त्या मुलाने दीड वर्षात बँकेचा एकही कागद उघडला नव्हता. भीतीने. म्हणून आम्ही बँकेतील एका जाणत्या वारकऱ्याकडून माहिती घेतली, ती येथे देतो. पुष्कळांच्या उपयोगी पडेल.

विद्याकर्जात शिक्षण चालू असताना व त्यानंतर सामान्यतः एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. त्या काळात साधे व्याज चढते. पुढे फेड पंधरा वर्षांपर्यंत करता येते. बँकांच्या भारतीय संघाने केलेल्या आदर्श योजनेत, २०१५ च्या सुधारणेपासून, असेही म्हटले आहे की कर्जदार बेकार असेल वा तुटपुंज्या कामावर असेल, तर फेडीच्या एकूण काळात दोन-तीन वेळा हप्त्यास सवलतीची मुदत देता येते. निर्णय बँकेचा, पण मागितल्याशिवाय तो कोण घेणार? हप्ता थकण्याच्या आधी अर्ज घेऊन जावे. थकल्यावर जाणारा याचक होतो. आधी जाणारा व्यवहारी असतो.

आता नाथांप्रमाणे दिवा लावून आकडा पाहू. समजा, हप्ते सुरू होताना एकूण पाच लाख देणे आहे आणि व्याज शेकडा दहा. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ६,६०० रुपये पडतात, आणि एकूण भरणा सुमारे ७ लाख ९३ हजार. पंधरा वर्षे घेतली तर महिना सुमारे ५,३७० आणि एकूण सुमारे ९ लाख ६७ हजार. म्हणजे महिन्याला बाराशे रुपयांची सोय झाली, पण शेवटी पावणेदोन लाख जास्त गेले. तेव्हा मुदत वाढवावी ती श्वास घेण्यापुरती. हाती पैसा येताच लवकर फेडावे. पाहा, आकडा मोठा आहे, पण त्याला टोक आहे. न उघडलेल्या पाकिटातल्या आकड्याला टोक नसते.

आणखी तीन गोष्टी. वसुलीसाठी बँकेच्या माणसाने सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धाकदपटशा करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. दुसरे, एक कर्ज फेडण्यास गावच्या सावकाराचे दुसरे काढू नये. २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हाच गुन्हा आहे. तिसरे, नोकरी लावून देतो म्हणून आधी अनामत मागणारा मनुष्य नोकरी देत नसतो, घेत असतो. त्याच्या फोनवर विश्वास ठेवू नये, आणि फसलोच तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

मागे उभे राहण्याची लाज

पुष्कळ मुले म्हणतात, "इंजिनिअर होऊन हे काम करू?" आमचीच गोष्ट सांगतो. पाठशाळेतून आम्ही आलो तेव्हा व्याकरण आणि वेदान्त पाठ होता, आणि घरी बहिणीच्या लग्नाचे कर्ज होते. शाळांतून संस्कृत शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केले. कुठे म्हणाले, शिक्षणशास्त्राची पदवी नाही. कुठे उत्तरच आले नाही. शेवटी एका किराणा दुकानात तीन वर्षे वही लिहिली. सकाळी सिद्धान्तकौमुदी आणि दुपारी तूरडाळ. गावात लोक हसले. आम्ही घरी येऊन रडलोही. पण आज कीर्तनात प्रपंचाचे चार शब्द खरे निघतात ते त्या वहीतून, कौमुदीतून नव्हे. तुकोबा ध्रुपद धरून मागे उभे राहिले, त्याचा अर्थ आम्हास तेव्हा कळला. मागे उभे राहणे ही शिक्षा नसून तो ताल शिकण्याचा मार्ग आहे.

आज मार्ग अधिक आहेत, ते पाहावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मोठ्या कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असते. धाटावची औद्योगिक वसाहत आपल्या उशाशी आहे. राज्य सरकारने २०२४ साली युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली, तीत पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले. अशा योजना बदलत असतात. चालू काय आहे ते अलिबागच्या जिल्हा कौशल्य व रोजगार केंद्रात जाऊन विचारावे. कोलाडहून आता रेल्वे आहे, महामार्ग आहे. अर्ज धाडावे, उत्तर न आले तर आठ दिवसांनी पुन्हा विचारावे. अर्ज म्हणजे भाताचे रोप. आवणातून उपटून लावलेले रोप पहिले काही दिवस पिवळे पडते, मान टाकते. म्हणून शेतकरी ते उपटून बघतो काय, की मूळ धरले का? तो पाणी धरून ठेवतो आणि पुढच्या खाचरात जातो.

ताटी उघडणे

एवढे सांगूनही एक गोष्ट उरते, आणि ती सर्वांत मोठी. मुलगा खोलीचे दार लावून बसला तर? जेवणास येईना, बोलेना, फोनही घेईना?

ज्ञानोबारायांचे चरित्र आठवा. या भावंडांना समाजाने दाखला नाकारला होता. शुद्धिपत्रासाठी ती पोरकी मुले पैठणपर्यंत पायी गेली. कागदासाठी दारोदार फिरणे म्हणजे काय, हे आपल्या माउलीस ठाऊक होते. आणि एकदा लोकांच्या बोलण्याने मन इतके विटले की ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. तेव्हा दाराशी कोण आले? थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ नव्हेत. सर्वांत धाकटी मुक्ताबाई आली. तिने दारावर लाथा मारल्या नाहीत, उपदेशाचा मारा केला नाही. ती दाराबाहेर उभी राहून समजावीत राहिली, तूच विश्वाचा आधार आहेस याची आठवण देत राहिली, ताटी उघडेपर्यंत. त्याच ताटीचे अभंग आपण आजही गातो. पुढे नेवाशास, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पैठणच्या कागदात काय लिहिले होते ते आज कोणी वाचीत नाही, ज्ञानेश्वरी वाचतात.

म्हणून ज्या घरात ताटी लागली आहे, त्या घरात कोणीतरी मुक्ताई व्हावे. बहीण, मावशी, मित्र, आजी, कोणीही. "नोकरीचं काय झालं?" हा प्रश्न सोडून दुसरे काहीतरी बोलावे. आणि जर मुलाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर ती नाटक समजू नये, "देवाचं नाव घे" म्हणून उठून जाऊ नये. त्याला सरळ विचारावे, त्याच्यापाशी बसावे, एकटे सोडू नये, आणि वैद्यास दाखवावे. सरकारची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री फुकट आणि मराठीतून बोलता येते. ज्वर आला म्हणजे आपण काढाही देतो आणि नामही घेतो. मनाच्या ज्वरास निराळा न्याय कशासाठी?

कुंडलिकेचे पाणी

शेवटी आपल्या गावचा दृष्टांत. कोकणातल्या कित्येक नद्या चैत्र-वैशाखात आटतात. कुंडलिका मात्र कोलाडापाशी भर उन्हाळ्यातही सकाळी खळाळते. त्यावर नावा लोटायला मुंबई-पुण्याची माणसे येतात. हे पाणी कुठले? घाटावर मुळशीच्या धरणात साठलेले. भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले, तेव्हापासून ते पाणी डोंगरातून खाली येते, यंत्रे फिरवते आणि आपल्या नदीस मिळते. त्या धरणात मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यासाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह झाला. तेही विसरू नये. आपल्या सुखाच्या पाण्याखाली कोणाचे तरी घर असते.

पण सांगायचे ते असे. ज्या वेळी भिऱ्याचे पाणी बंद असते, तेव्हा नदी उतरते आणि दगड दिसू लागतात. पाहुणा म्हणेल, नदी गेली. इथला माणूस म्हणतो, "थांबा की, अजून पाणी सुटायचंय." त्याला पाणी दिसत नसते. पण पाणी कुठे साठले आहे हे त्याला ठाऊक असते. यालाच आम्ही दुसरी आशा म्हणतो. चार वर्षे शिकलेली विद्या, आईबापांचा जीव, मुखातील नाम, दोन हात. हे साठलेले पाणी आहे. दगड दिसतात म्हणून ते आटलेले नसते.

उपसंहार

चैत्र वद्य एकादशीस आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. नोकरी लागली नव्हती; हे खोटे लिहून पाठ गोड करणार नाही. पण बँकेत अर्ज दिला होता, आणि मुलगा धाटावच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून चौकशी करून आला होता. देवळात तो बापाच्या मागे टाळ घेऊन उभा होता. बाप आम्हास बाजूला घेऊन म्हणाला, "महाराज, ती चोपडी बुडवली. जेवताना आता पाऊसपाण्याचं बोलतो." मग जरा थांबून म्हणाला, "अवघड जातं हो. जिभेवर येतं." आम्ही म्हटले, तुकोबांनाही काही सोपे गेले नसेल; पुढे रोज थोडी थोडी बुडवा.

आणि त्या मुलास आम्ही सांगितले, त्या रात्री तुझ्या प्रश्नाला उत्तर दिले नाही, ती चूक आमची. चिंता देवावर टाकणे म्हणजे कागद न उघडणे नव्हे. कागद आपण उघडावा, अर्ज आपण लिहावा, हप्ता आपण भरावा. या सगळ्याचे फळ कधी आणि किती, एवढी एकच चिंता आपल्या हातची नाही; तेवढीच देवाकडे द्यावी. बाकीची त्याच्याकडे टाकली तर ती भक्ती नव्हे, आळस होय. मुलगा हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला, असे त्याची आई म्हणाली.

अभ्यासासाठी

१. तुकोबांनी बुडवलेली खतपत्रे येण्याची की देण्याची? यावरून आपल्या घरासाठी काय शिकावे?

२. 'आशा' शब्दाचे दोन अर्थ सांगून, संतांनी निंदिलेली आशा कोणती ते स्पष्ट करावे.

३. आपल्या घरात न लिहिलेली चोपडी आहे काय? असल्यास येत्या एकादशीपर्यंत तिचे एक पान बुडवावे, आणि ते कोणते हे कोणास सांगू नये.

४. आपल्या वाडीत कोणाची ताटी लागली आहे? त्या दाराशी एकदा जाऊन यावे.

राम कृष्ण हरि.